बारा पेरांची जीभ

कळमन्याच्या बाजारात मिरचीचं पोतं उघडलं की आधी शिंक येते, भाव नंतर निघतो. मधुसूदनभाऊंच्या मसाल्याच्या गिरणीत मात्र शिंक आणि भाव या दोघांच्या मधे तीस वर्षं एक माणूस उभा असायचा. त्याचं नाव भैयाजी मोटघरे. बेताची उंची, पांढरा पायजमा, गळ्यात दुपट्टा, आणि बोटांच्या टोकांना लाल रंग, जो साबणानं जात नसे आणि घालवायचा त्यानं कधी प्रयत्नही केला नाही. गाव भिवापूरच्या पलीकडे चार कोसांवर. नागपुरात तो आला तो पाठीवर पोती वाहायला, आणि राहिला तो जिभेच्या जोरावर.

त्याची रीत अशी. पोत्याच्या तळातून एक मिरची काढायची. वरची नाही, वरची तर सगळेच चांगली ठेवतात. देठ मोडायचा, मिरची मधोमध फाडायची आणि आतली फिकट शीर नखानं उचलून तांदळाच्या दाण्याएवढी जिभेच्या शेंड्यावर ठेवायची. तोंड मिटायचं. मग डाव्या हाताचा अंगठा करंगळीच्या बुडच्या पेरावर टेकवायचा आणि एका श्वासाला एक पेर असं वर चढत जायचं. करंगळीची तीन, तिच्या शेजारणीची तीन, मधल्या बोटाची तीन, तर्जनीची तीन. सगळी मिळून बारा. आग कोणत्याही मिरचीची होते, ती मोजायची नाही. आगीला शरीर कधी उत्तर देतं, ते मोजायचं. जिभेखालून पाणी सुटलं की अंगठा असेल तिथं थांबवायचा. दुसऱ्या पेरावर पाणी आलं तर मिरची जहाल, सावजी रश्श्याच्या कामाची. पाचव्यावर आलं तर घरच्या वरण-भाजीची. नवव्यावर आलं तर तिच्यात नुसता रंग आहे, तिला लोणच्यात घाला. खडूनं पोत्यावर आकडा लिहायचा, थुंकायचं, मूठभर मुरमुरे चघळायचे, आणि पुढच्या पोत्याकडे वळायचं.

ही रीत त्याला कुणी शिकवली नव्हती. हमाली करताना पोतं फाटलं की सांडलेली मिरची तो तोंडात टाकून बघायचा आणि मनाशी मोजायचा. एकदा म्हाताऱ्या मालकांनी, म्हणजे मधुसूदनभाऊंच्या वडिलांनी, गंमत म्हणून त्याला सात पोत्यांबद्दल विचारलं आणि त्यानं सांगितलेलं सातही पोत्यांना बरोबर निघालं. त्या दिवसापासून त्याच्या पाठीवरचं पोतं उतरलं. पुढं पुढं बाजारात "किती तिखट आहे" असं कुणी विचारीनासं झालं. "भैयाजीची किती पेरं?" असं विचारू लागले. ज्याच्या बापाला गावच्या विहिरीवर ओंजळ धरून उभं राहावं लागायचं, त्याच्या जिभेवर ठरलेला आकडा मोठमोठे व्यापारी मान खाली घालून वहीत उतरवून घेत. भैयाजी हे कधी बोलून दाखवत नसे. पण शर्टाच्या खिशात पेन असतं तसा त्याच्या खिशात खडू असायचा, आणि तो खडू तो कुणाच्या हातात देत नसे.

आणि याच तोंडात तो दिवसाला सहा खर्रे ठेवायचा. सुपारी, तंबाखू, चुना. पन्नीत घालून पाटीवर घोटायचा आणि गालात सारायचा. मिरची चाखताना काढून ठेवायचा, चाखून झाली की परत. सुभद्रा, त्याची बायको, म्हणायची, "मिरचीले तोंड धुऊन बसता, आन् जेवाले तसेच बसता." तो हसायचा. मग उजव्या गालात आतून एक पांढरा चट्टा आला. वर्षभर त्यानं जिभेनं तो चाचपला. बाजारातल्या एकाही मिरचीचं खोटं ज्या जिभेनं कधी चालू दिलं नाही, तिनं स्वतःच्या गालाचं खोटं वर्षभर चालू दिलं.

ऑपरेशन झालं. गालाचा तुकडा गेला, मानेत टाके पडले. मग किरणांचे तेहतीस शेक. मशीनखाली निजायचं, दुखत काही नाही, पण पंधराव्या शेकानंतर तोंड सोललं आणि विसाव्यानंतर तोंडातलं पाणी आटलं. रोग गेला असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते खरंही निघालं. पाणी मात्र परत आलं नाही. जीभ टाळूला चिकटायची. भाकरीचा घास तोंडात गोल गोल फिरायचा, पुढं सरकायचा नाही. प्रत्येक घासामागं पाण्याचा घोट. चार वाक्यं सलग बोलली की शब्द कोरडे पडून ओठातच मोडायचे. सहा महिन्यांनी त्यानं गिरणीत जाऊन मिरचीची शीर जिभेवर ठेवली. आग लागली. करंगळी झाली, पुढचं बोट झालं, मधलं झालं, तर्जनीचं शेवटचं पेर झालं. पाणी नाही. अंगठ्याला जायला पुढं जागाच राहिली नाही.

मधुसूदनभाऊ वाईट माणूस नव्हते. त्यांनी वर्षभर त्याला बसवून ठेवलं. पण त्या वर्षी तीन माल फसले, आणि जानेवारी लागता लागता ते त्याच्याजवळ येऊन बसले.

"भैयाजी, नवा माल येऊन राहिला. गोपाळराव चाळीस पोते आणतो म्हणते फेब्रुवारीत."

"येऊ द्या."

"येऊ द्या तं ठीक आहे. पाहणार कोण?"

भैयाजीनं जवळच्या बाटलीतला पाण्याचा घोट घेतला. "मी पाहीन."

"गोपाळरावाचा माल तुम्ही पाहा. जमलं तं तुमची जागा तुमची. नाही जमलं, तं मग मी लॅबवाल्यांशी बोलून घेतो. चार दिवसांनी रिपोर्ट देते ते, पण देते." मग ते म्हणाले, "बाबांच्या वेळचे आहात तुम्ही. घरी बसा असं माझ्या तोंडून निघत नाही. पण गिऱ्हाईक थांबत नाही."

हे सगळं भैयाजीनं दवाखान्यात जाऊन डॉक्टर अबोलीला सांगितलं. ती त्याच्या मुलीच्या वयाची, शेकाच्या विभागात बसणारी, पेशंटचं बोलणं संपेपर्यंत कागदाकडे न बघणारी. तिनं त्याच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं, कानाखाली आणि जबड्याखाली बोटांनी दाबलं.

"काका, उजवीकडच्या लाळेच्या गाठी शेकानं वाळल्यात. डावीकडच्या थोड्या जिवंत आहेत. पण त्यांचे कान मंद झालेत. साधा निरोप त्यांना ऐकू जात नाही."

"कोणाचा निरोप?"

"नसेचा. तुम्ही मिरची ठेवता, मेंदूला कळतं, मेंदू नसेवाटे गाठीला सांगतो की पाणी सोड. पण नस गाठीला चिकटलेली नसते, मधे फट असते. त्या फटीत नसेच्या टोकातून एक द्रव्य सुटतं, अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं. ते निरोप्या. तो जाऊन गाठीचं दार वाजवतो आणि गाठ पाणी सोडते. मी तुम्हाला जी गोळी देणार, पायलोकार्पिन, ती त्या निरोप्यासारखी दिसते. नसेनं काही सांगितलं नसलं तरी ही जाऊन दार वाजवते, आणि जोरात वाजवते."

भैयाजीनं विचार केला. "म्हंजे बहुरूपी. पोलिसाचा डगला घालून येते आन् सलाम ठोकून घेते."

डॉक्टर अबोली हसली. "तसंच. पण बहुरूपी एकाच घरी जातो का?"

"नाई. सारं गाव फिरते."

"ही पण सारं गाव फिरते. पोटात जाते, रक्तात उतरते आणि जिथं जिथं तसली दारं आहेत तिथं तिथं वाजवते. घामाच्या गाठी घाम सोडतील. डोळ्यांतून, नाकातून पाणी येईल. आतडी मुरडतील, लघवीला सारखं जावं लागेल. डोळ्याची बाहुली बारीक होते, म्हणून अंधारात कमी दिसेल. संध्याकाळी सायकल नको. छातीचे ठोके हळू पडू शकतात. तुम्हाला दमा आहे? काचबिंदू? हृदयाचं काही?"

"नाई. खर्राच होता, थो सुटला."

"तंबाखूत निकोटीन असतं ना, तेही ह्याच निरोप्याचं सोंग घेतं. फक्त त्याची दारं वेगळी, मेंदूतली, स्नायूंकडची. म्हणून तर तलफ येते."

"वा. तीस वर्ष एका बहुरूप्यानं लुटलं, आता तुमी दुसरा घरात घालून राहिल्या."

"ह्याच्यावर माझी नजर राहील. त्याच्यावर कुणाची होती?"

भैयाजीला काही आठवलं. लहानपणी गावात एका बाईनं चुकून धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या होत्या. तिचं तोंड वाळलं होतं, अंग तव्यासारखं तापलं होतं, घामाचा थेंब नव्हता, आणि डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की पोरं तिच्याकडे बघायला भ्यायली होती. त्यानं ते सांगितलं. डॉक्टरचा चेहरा खुलला.

"बरोबर उलटं, काका. धोतऱ्यातलं द्रव्य त्याच दारात आडवं बसतं. खरा निरोप्या आला तरी आत जाऊ देत नाही. त्यातलंच औषध आम्ही ह्या गोळीचा त्रास फार वाढला तर सुईनं देतो. पण ते आमचं काम. आता ऐका. दिवसातून तीन, जेवणाबरोबर, एका वेळी एक. पाणी भरपूर प्या. पूर्ण गुण यायला दोन-तीन महिनेही लागतात. घाई करू नका."

गोपाळरावांचा माल यायला दीड महिना उरला होता. ते त्यानं मनात मोजलं.

पहिल्या दिवशी गोळी घेऊन अर्ध्या तासात नागपूरच्या थंडीत त्याचा शर्ट पाठीला चिकटला. सुभद्रा दारात उभी राहून बघत होती.

"पंखा लावू का?"

"लाव."

"जानेवारीत पंखा. लोक म्हणतील मोटघरे गरम डोक्याचे झाले." तिनं पंखा लावला, आणि तो लागताच तो थंडीनं कुडकुडला. घाम थांबेना आणि थंडीही थांबेना. मग तो उठून मोरीकडे गेला. आला, बसला, परत गेला. "आता तिथंच खाट टाकू का तुमची?" सुभद्रा म्हणाली. दुपारी पोटात पीळ पडला. टीव्हीवर काही दुःखाचं नसताना डोळ्यांतून पाणी आलं. तोंड मात्र होतं तसंच. सारं गाव जागं झालं होतं, ज्याच्यासाठी बहुरूपी आणला ते एक घर सोडून.

दोन आठवड्यांत शरीर त्या गोळीला थोडं सरावलं. घाम कमी झाला. सुभद्रानं त्याच्या बाटलीशेजारी एक जादा बनियन ठेवायला सुरुवात केली. पाचव्या आठवड्यात, एका रविवारी, ती भाकरी थापत होती आणि तो वांग्याच्या भाजीबरोबर खात होता. तिसरा घास त्यानं गिळला आणि हात बाटलीकडे गेला, तो मधेच थांबला. बाटलीची गरज नव्हती. जिभेखाली डावीकडे ओल होती. आंघोळ करून आलेल्या पोराच्या तळव्याइतकी, एवढीच. त्यानं चौथा घास घेतला. सुभद्राच्या तव्यावरची भाकर करपली.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काई नाई. जेवून राहिलो."

दहा दिवसांनी गोपाळराव आले. भिवापूरला त्यांचा सातरा आहे, म्हणजे मिरची पसरून बायांकडून देठ तोडून घ्यायचं मोठं अंगण. चाळीस पोती ट्रकमधून उतरली. भैयाजी सकाळी सात वाजता चहाबरोबर गोळी घेऊन निघाला. बसमध्ये त्यानं जिभेनं चाचपलं. ओल होती, पण ती जेवणापुरती. मिरचीला उत्तर द्यायला ती पुरेल का? ज्याचा जन्म मिरचीत गेला त्याला एकच हिशेब येतो: चिमूटभर कमी पडलं तर आणखी चिमूट. त्यानं बसमध्येच दुसरी गोळी गिळली. गिरणीच्या फाटकाशी तिसरी. पोटात चहाखेरीज काही नव्हतं.

गोदामात शिरताना डोळ्यांपुढं जरा अंधारी आली. आत नेहमीपेक्षा जास्त काळोख वाटला, दिवे लागलेले असूनही. त्यानं पहिल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मिरची काढली, फाडली, शीर जिभेवर ठेवली. अंगठा करंगळीवर. एक पेर. दुसऱ्या पेरावर जिभेखालून पाणी फुटलं, असं फुटलं की तोंड भरलं.

दीड वर्षानं. भैयाजीनं डोळे मिटून घेतले. मग खडू काढून पोत्यावर दोन लिहिलं.

दुसरं पोतं, दोन. पाचवं पोतं, दोन. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता, नाक वाहत होतं, डोळे गळत होते. पण मिरचीच्या गोदामात कुणाचं नाक वाहत नाही? मधुसूदनभाऊंचेही डोळे लाल होते, हमालांच्या तोंडाला फडकी होती. गोळीनं जे जे केलं ते सगळं मिरचीच्या नावावर खपलं. विसाव्या पोत्यावर तो दोन लिहीत असताना गोपाळरावांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पोत्याकडे, आणि मग मान खाली घालून चपलेनं जमीन उकरत राहिले.

"दोन?" मधुसूदनभाऊ म्हणाले. "या वर्षी भिवापुरी एवढी चढली?"

"तुमी म्हणता तं असंल," गोपाळराव म्हणाले.

चाळीसही पोत्यांवर दोन पडलं. मधुसूदनभाऊंनी भैयाजीच्या पाठीवर थाप मारली, गोपाळरावांना "घेतो" म्हणून शब्द दिला, उद्या सकाळी माप करायचं ठरलं. भैयाजी गिरणीच्या अंगणात आला. तिथं पुष्पलता बसली होती. चाळिशीची, देठ तोडणाऱ्या बारा बायांची म्होरकी, अठरा वर्षं याच अंगणात मिरचीसमोर बसलेली.

"बसा, भैयाजी," ती म्हणाली. "काहून असे दिसून राहिले?"

"मिरचीचा घाम हाय."

"मिरचीचा घाम कपाळाले येते. तुमचा तं पायजम्यातून निथळून राहिला." तिनं उठून त्याचा हात धरला आणि तेवढ्यात त्याच्या पोटात कळ येऊन तो तिच्या सुपावर बसला.

दवाखान्यात नाडी मिनिटाला अठ्ठेचाळीस भरली. डॉक्टर अबोलीनं पाकिटातल्या गोळ्या मोजल्या आणि सगळं समजली. छातीला तारा लावल्या, सलाईन लावलं. धोतऱ्याच्या जातीची ती सुई तयार करून उशाशी ठेवली, पण ती लागली नाही. गोळीचा जोर आपोआप उतरू लागला. "काका, छाती आवळली असती, ठोके अडखळले असते, तर?" ती एवढंच म्हणाली. रागावून ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुपारी दोन वाजता वॉर्डात उन्हाचा पट्टा पलंगापर्यंत आला होता. सुभद्रा औषधाच्या दुकानात गेली होती. भैयाजी उताणा पडून छताकडे बघत होता. मन रिकामं असलं की तीस वर्षांच्या सवयीनं त्याचा अंगठा आपला बोटांवर फिरायचा. तसाच तो करंगळीच्या बुडाशी गेला. एक श्वास, एक पेर. दुसऱ्या पेरावर जिभेखाली पाणी आलं.

त्यानं ते गिळलं. तोंडात काही नव्हतं. मिरची नव्हती, मुरमुरा नव्हता. त्यानं पुन्हा अंगठा खाली नेला. एक. दोन. पाणी. तिसऱ्यांदा मोजलं. दोन.

चाळीस पोत्यांवरचे चाळीस आकडे त्याच्या डोळ्यांपुढं उभे राहिले, त्याच्याच वळणदार अक्षरातले. त्यातला एकही मिरचीनं सांगितलेला नव्हता. मिरची काय म्हणाली ते ऐकायच्या आतच बहुरूप्यानं दार वाजवलं होतं.

मग त्याला दुसरी गोष्ट दिसली. हे कुणालाच कळणार नाही. माल दळला जाईल, रश्श्याला झणका कमी पडला तर लोक म्हणतील या वर्षी भिवापुरीच तशी निघाली. मिरचीचं नाव जाईल, भैयाजीचं जाणार नाही. जागा राहील. पुढच्या मालाला तो एकच गोळी घेऊन जाईल, तेव्हाचं तेव्हा. फक्त आज गप्प राहायचं. तोंड बंद ठेवणं तर त्याच्या कामाचाच भाग होता.

चार वाजता मधुसूदनभाऊ शहाळं घेऊन आले. स्टुलावर बसले, नळी घालून त्याच्या हातात दिलं.

"घाबरवलं तुम्ही. पण जीभ परत आली, भैयाजी. बाबा असते तं पेढे वाटले असते."

भैयाजीनं शहाळं बाजूच्या कपाटावर ठेवलं.

"भाऊ, माप थांबवा."

"काहून?"

"ते आकडे माहे नाईत. गोळीचे हायेत. आता इथं रिकाम्या तोंडानं मोजलं, तरी दोनच येऊन राहिलं."

मधुसूदनभाऊंना समजायला वेळ लागला. त्यानं बोटं दाखवून पुन्हा सांगितलं. तीन गोळ्या, चहा, बस, सगळं.

"चाळीसही?"

"एकूण एक."

"मग मिरची आहे कशी?"

भैयाजीनं छताकडे पाहिलं. हे शब्द त्यानं तीस वर्षांत कधी उच्चारले नव्हते आणि ते त्याच्या तोंडाला माहीत नव्हते.

"मले माहीत नाई."

मधुसूदनभाऊंनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही नसतं सांगितलं तं मी..."

"हो. म्हणून तं सांगून राहिलो."

"गोळी उतरल्यावर? बिनगोळीनं चाखा."

"बिनगोळीनं पाणीच नाई. गोळीनं पाणीच पाणी. अन् आग तं आता मले साध्या वरणाचीही होते. माहं पेर संपलं, भाऊ. गोळी जेवाले कामाची हाय, बोलाले हाय. मिरचीले नाई."

मधुसूदनभाऊ उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "लॅबचा रिपोर्ट येईस्तोवर गोपाळराव माल थांबवणार नाही. उद्या दुपारी तो दुसऱ्याच्या दारात."

"उद्या सकाळी मी येतो," भैयाजी म्हणाला. "तोवर कोणाले पोत्याले हात लावू देऊ नका."

रात्री त्याला घरी सोडलं. सकाळी त्यानं भाकर आणि दूध खाल्लं, त्याबरोबर एक गोळी घेतली, एकच. सुभद्रा जादा बनियन घेऊन त्याच्याबरोबर बसमध्ये चढली. त्यानं नको म्हटलं नाही. गोदामात गेल्यावर त्यानं ओलं फडकं मागितलं आणि चाळीस पोती एकामागून एक पुसली. गोपाळराव उभे होते.

"काल तं दोन होते," ते म्हणाले.

"काल तुमाले माहीत होतं, दोन नाईत म्हणून," भैयाजी म्हणाला.

मग तो अंगणात गेला. "पुष्पलता, इकडे ये वं."

"सूप मोडलं तुमी काल माहं," ती उठता उठता म्हणाली. "भरून द्याले बोलावता का?"

"मिरची चाखाले."

अंगणातल्या बाया हसल्या. ती हसली नाही. पदराला हात पुसत ती आत आली. मधुसूदनभाऊंनी भुवया उंचावून भैयाजीकडे पाहिलं.

"हिच्या तोंडात खर्रा कधी गेला नाई," भैयाजी म्हणाला. "अठरा वर्ष मिरचीपुढे बसली हाय. बाजारात एवढं स्वच्छ तोंड मले तं दुसरं माहीत नाई."

"खर्रा खात नाई म्हणून ह्याच बाया मले बामणीण म्हणतात," पुष्पलता म्हणाली. "अन् अठरा वर्षात कोणी इचारलं नाई, तुले मिरची कशी लागते म्हणून. तुमीबी नाई इचारलं, भैयाजी."

"नाई इचारलं," तो म्हणाला. "आता इचारून राहिलो."

त्यानं तळातून मिरची काढून दिली. शीर कशी उचलायची ते दाखवलं. ते तिला येतच होतं. अंगठा कुठं ठेवायचा, एका श्वासाला एक पेर कसं, आग मोजायची नाही तर पाणी मोजायचं, हे सांगितलं. सांगताना त्याला चार वाक्यं सलग बोलता आली. तिनं जिभेवर शीर ठेवली आणि तोंड मिटलं. गोदामात हमालही थांबले. तिचा अंगठा करंगळीवरून हळूहळू चढला, पुढच्या बोटावर गेला. भैयाजीचं स्वतःचं तोंड ओलं होतं, गोळीनं. त्याचा त्याला काही उपयोग नव्हता. मिरची काय आहे हे या घडीला त्या एका बाईच्या मिटलेल्या तोंडात होतं, आणि तो फक्त तिचा अंगठा बघू शकत होता.

अंगठा थांबला. तिनं थुंकलं.

"किती?" त्यानं विचारलं.

"साडेचार."

"साडेचार नसते. चार तं चार, पाच तं पाच."

"तुमच्यात नसंल. चौथं पेर सुटलं तवा नव्हतं, पाचव्यावर टेकलं नाई तं आलं. मधातच आलं. मी काय खोटं सांगू?"

भैयाजीनं मधुसूदनभाऊंकडे पाहिलं नाही. तीस वर्षांत त्यानं कुठल्याही पोत्यावर अर्धा आकडा लिहिला नव्हता. त्यानं खिशातून खडू काढला, पोत्याचं गोणपाट एका हातानं ताणून धरलं आणि साडेचार लिहिलं. मग खडू तिच्या हातात दिला आणि दुसऱ्या पोत्याच्या तळात हात घातला.